एवढी भरती बघ

१७ जून २००७, रविवार

अहो काशीमीरावाले,

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहेत, पडवीवर नवा पत्रा पडलाय, आणि तुमची बायको अजून बांधाच्या उघाडीवरच आहे.

मोबाइलवर मी हॅलो म्हटलं की तुमची रेंज जाते आणि गुणवंतभावजींनी फोन केला की लगेच येते, म्हणून हा पोस्टाचा उद्योग. भाईंदरच्या पोस्टातला माणूस पत्ता वाचून हसला. म्हणाला, "मॅडम, काशीमीरा? रिक्षा पकडा ना, पत्राच्या आधी पोचाल." त्याला काय सांगणार? दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी गॅरेजवर आले होते आणि तुम्ही ट्रकच्या खालून बाहेरच आला नाहीत. नुसते पाय दिसत होते. पायांशी किती वेळ बोलायचं? डबा टायरवर ठेवून परत फिरले, कारण भरती लागत होती.

आता बातमी. आपल्या पाड्यावर संशोधन आलंय. मानसी नावाची पुण्याची मुलगी आहे, चष्मेवाली, पाठीवर तिच्याएवढी बॅग. विषय ऐका: शेतकऱ्यांचा पर्यावरण व्यवस्थापनातील सहभाग आणि ग्रामीण शाश्वतता. मी म्हटलं, "बाई गं, ग्रामीण कुठलं? ही महानगरपालिका आहे. बांधावर उभं राहून मान वर केली की बिल्डिंगीच बिल्डिंगी." तर म्हणाली, "म्हणूनच आले. एवढ्या बिल्डिंगींच्या शेजारी खाडीपासून भात राखणारे लोक मला बघायचेत." राखणारे लोक म्हणजे मी. तिला थेट उघाडीवर घेऊन गेले.

तुम्ही जन्मापासून जे करत आलात ते परक्या माणसाला सांगायला बसलं की किती वेडेपणा वाटतो! बांधात हे एवढंसं दार. भरती आली की दोन फळ्या खाचेत बसवायच्या, खाडीला आत येऊ द्यायचं नाही. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. एक उधाण चुकलं तर खारं पाणी भातात, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीकडे बघायचं नाही. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, म्हणून माझी झोप, माझं जेवण, माझी अंघोळ, सगळं रोज पाऊण तास पुढे सरकतं. मानसी म्हणाली, "मग तुम्ही गावाला कधी जाता?" मी म्हटलं, पावसाळ्यात? पावसाळ्यात मी मेले तरी ओहोटी बघूनच मरावं लागेल.

मग तिला फळीचा नियमही सांगितला. फळी एकतर खाचेत, नाहीतर खुंटीवर, नाहीतर हातात. जमिनीला लागली तर उघाडी बेवारशी झाली. आणि थोरली फळी ज्याच्या हातात दिली, उघाडी त्याची. सोडवायची तर दुसऱ्या कुणीतरी आपणहून हात पुढे करायला हवेत. तिने विचारलं, "तुमच्याकडे कशी आली?"

कशी आली ते तुम्हाला माहीत आहे. येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तुम्ही फळी माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "एवढी भरती बघ, मी संध्याकाळपर्यंत येतो." मी रोह्याच्या डोंगराकडची बाई, लग्नाआधी भरती कॅलेंडरातसुद्धा बघितली नव्हती. नवऱ्याने काहीतरी दिलं म्हणून हात पुढे केले. बांधावर राघोकाका उभे होते, त्यांनी बघितलं, झालं. गावाला साक्षीदार मिळाला.

मानसीला एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, मिस्टर कामाला बाहेर असतात.

या आणि तुमची फळी घेऊन जा.

वैजयंता

•

१ जुलै २००७, रविवार

अहो,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं. न पोचतं तर परत आलं असतं.

मी आता मानसीबरोबर घरोघरी फिरते. लोक तिच्याशी हिंदीत बोलायला लागतात आणि ती बिचारी मराठीत उत्तर देते, म्हणून तिला मी लागते. दोन भरत्यांच्या मध्ये जेवढी घरं होतील तेवढी. तिचे प्रश्न मजेशीर असतात. आधी एक वाक्य वाचायचं, मग समोरच्याने सांगायचं: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत. "बांधाची आणि उघाडीची देखभाल ही गावाची सामायिक जबाबदारी आहे." सगळे पूर्णपणे सहमत! गुणवंतभावजींनी तर टीव्हीचा आवाज कमी करून दोनदा सांगितलं, "पूर्णपने सहमत. लिहा मॅडम. आमची परंपराच हाय ती." त्यांच्या तीन रिक्षा आणि केबलचा धंदा. बांधावर त्यांना मी शेवटचं बघितलं ते तुमच्या वडिलांचे दिवस करताना.

भात खरं लावतात कोण? राघोकाका. बाकीच्यांची जमीन नुसती आहे. पण आत खारं पाणी येऊन चालणार नाही, कारण खारं आलं की मागोमाग तिवरं उगवतात, आणि एकदा तिवरं उभी राहिली की त्यांना हात लावायचा नाही असा आता कायदा झालाय. मग जमीन ना भाताची, ना विकायची. म्हणून सगळ्यांना उघाडी हवी. उघाडीवर माणूस हवा. तो माणूस आपल्या घरचा नको.

शिमग्याला प्रत्येक घराने उघाडीवाल्याला पायलीभर तांदूळ द्यायची ती रीत आठवते? अजून देतात. यंदा जेसल पार्कच्या दुकानातले कोलमचे पुडे आले, वर किमतीचं स्टिकर तसंच. आईंनी ते नखाने खरवडून काढले आणि मगच देवापुढे ठेवले.

आपलं घर शेवटी आलं. मानसीने मला नियमाप्रमाणे सगळे प्रश्न विचारले, मी हसत हसत उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न असा होता की पुढची दहा वर्षं हे काम चालू ठेवायला तुम्हाला आवडेल का?

आवडेल का! मला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आई नाहीत, गाव नाही, तुम्ही तर नाहीच नाही. आई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मला ते बघायची गरज नव्हती, सुपाचा आवाज बंद झाला होता.

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

अक्षर वेडंवाकडं आलंय, पाय उशीवर ठेवून लिहितेय. विशेष काही नाही.

वैजयंता

•

१२ जुलै २००७, गुरुवार

ईश्वर,

आज अहो नाही, मला राग आलाय.

पार्सल मिळालं. गुणवंतभावजींच्या रिक्षावाल्याने दारात आणून दिलं. "भाभी, ईश्वरभाईने भेजा है." मला वाटलं, साडी असेल. वाटलं, आत चिठ्ठी असेल. वाटलं तर वाटलं, तुम्ही हसा. पिशवी उघडली तर गमबूट! गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

म्हणजे पाय कापल्याचं तुम्हाला कळलं होतं. उघाडीच्या दगडावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने टाच उघडी केली, टाके पडले, आणि टाक्यांच्या पायानेच मी चिखलात उतरत होते, कारण भरतीला डॉक्टरची चिठ्ठी दाखवता येत नाही. हे सगळं कुणीतरी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही काय केलंत? वाकडी वाट करून घरी आला नाहीत. दुकानात जाऊन बूट घेतलेत. नवरा बूट पाठवतो म्हणजे काय म्हणतो? चिखलात नीट उभी राहा म्हणतो.

आणि तेही ढगळ. पाय आत टाकला तर आख्खी मी आत जाईन. दाराच्या मागे ठेवलेत.

मला तुमचं कळत नाही असं समजू नका. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती या फळीपायी, आई सांगतात. मित्र महाबळेश्वरला गेले आणि तुम्ही बांधावर. लग्नानंतर आपण दोघं कुठे म्हणून गेलो नाही. रोह्याला माझ्या आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा तुम्ही उंबऱ्यात चहा घेऊन परत फिरलात, माझे भाऊ अजून नावं ठेवतात. तुम्ही गुदमरला होतात. पळालात. ते मला समजतं. पण स्वतः सुटण्यासाठी मला आत ढकललंत आणि दाराला कडी घातलीत, ते समजत नाही. निदान सांगून द्यायचं होतं. मी कदाचित घेतलीही असती.

आता कामाचं. मानसीच्या संस्थेला पेणच्या खारपट्टीत सहा महिन्यांसाठी माणूस हवाय. गावोगावच्या उघाड्या बघायच्या, शेतकऱ्यांना हेच प्रश्न विचारायचे, तिथेच राहायचं. पगार आहे, खोली आहे. मानसीने माझं नाव दिलं आणि त्यांनी हो म्हटलं. सहा ऑगस्टला हजर व्हायचंय. मी माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटवरची बुरशी पुसली.

मी जायचं ठरवलंय, हे आधी तुम्हाला सांगतेय. आईंना नाही सांगितलं. त्यांचं एकच पालुपद आहे, "फली घरातशी जानार न्हाय. तुज्या सासऱ्यानं हातात दिलीय ती." आपल्याला मूल नाही, म्हणून फळीला पुढचे हात नाहीत, हे त्यांना रोज सलतं. मला सलत नाही असं नाही, पण मला फळीसाठी मूल नको होतं.

राघोकाकांना विचारून बघितलं. तुम्हाला माहीत आहे, झटका आल्यापासून त्यांचा डावा हात लोंबतो. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "माजा हात चालता त मीच घेतली असती गो, पोरी." त्यांचा भातरोपांचा आवण एवढा हिरवागार आलाय यंदा. त्याच्यावरून खारं पाणी जाऊ देऊन मी पेणला जाऊ? मला नाही जमणार. तुम्हाला जमलं असतं का हो? तुम्ही मला उभं करून गेलात म्हणून तुम्हाला ते बघावं लागलं नाही.

सहा ऑगस्टच्या आत या. हात जोडते.

वैजयंता

•

२९ जुलै २००७, रविवार दुपार

अहो,

फळ्या बसवून आले, बाहेर उधाण बांधाला धडका देतंय. आज काय झालं ते आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी देवळाच्या सभामंडपात मानसीने आपल्या अभ्यासाचं गावाला वाचून दाखवलं. मी ठरवून गेले होते. ओहोटीला फळ्या काढल्या, धाकटी खुंटीवर ठेवली आणि थोरली दोन्ही हातांवर घेऊन थेट मंडपात जाऊन उभी राहिले. ओली फळी किती जड होते ते तुम्हाला सांगायला नको. लोकांनी बघितलं. गुणवंतभावजी म्हणाले, "वहिनी, बसा ना! खुर्ची द्या रे वहिनींना." मी म्हटलं, बसता येत नाही, हातात फळी आहे. कुणीतरी चहा आणला. तो कुठल्या हाताने घेऊ?

मानसी छान बोलली. मुलगी वरवरची नाही. शेवटी म्हणाली, "या गावात बांधाची जबाबदारी सगळ्यांची आहे, असं प्रत्येक घराने सांगितलं. प्रत्यक्ष काम मात्र एकाच घरातली एकच व्यक्ती करते. ती थकली तर ही व्यवस्था एका उधाणात संपेल." एवढं बोलून तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. म्हटलं, "मला सहा तारखेला पेणला कामावर हजर व्हायचंय. ही फळी मी आज मोकळी करायला आणलीय. कुणीतरी हात पुढे करा."

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. मग गुणवंतभावजींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांचं बघून सगळ्यांनी.

टाळ्या कशाला, ते मला कळेना. भावजी माईक घेऊन उभे. "वैजयंता वहिनी म्हंजे आपल्या पाड्याची शान हाय! एवढी संशोधनवाली लोकं पुण्यावरून येऊन तारीफ करतात, हे काय साधी गोष्ट हाय?" त्यांनी आधीच सगळं आणून ठेवलं होतं. माझ्या खांद्यावर शाल घातली. नारळ द्यायला आले तर माझे हात भरलेले. मला वाटलं, आता तरी एकाला कळेल. आता तरी कुणी म्हणेल, आण इकडे, धरतो क्षणभर. भावजींनी इकडे तिकडे बघितलं आणि नारळ फळीवर ठेवला. वर हळदीकुंकू वाहिलं. फोटोवाल्याने मला हसायला सांगितलं.

मी हसले हो. फोटोत मी हसतेय.

पेणचं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कुणी विषय काढला नाही. दोघीतिघी म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोन करनार?" प्रेमाने म्हणाल्या, खोटं नाही. राघोकाका खांबाला टेकून उभे होते, त्यांनी आपला चांगला हात थोडासा वर उचलला, दुसऱ्या हाताकडे बघितलं आणि परत खाली घेतला. मला ते अजून दिसतंय.

भरती चढायला लागली होती. पाऊसही आला. मी बांधावरून परत निघाले, खांद्यावर शाल, हातांवर फळी, फळीवर नारळ. नारळ पडू नये म्हणून हळू चालावं लागत होतं. उघाडीपाशी पोचेपर्यंत पाणी खाचेला लागलं होतं. नारळ तोंडात तर धरता येत नाही, शेवटी शालीच्या झोळीत बांधला आणि फळ्या बसवल्या.

गुणवंतभावजींना मला मुद्दाम अडकवायची अक्कल नाही, ते भोळेपणानेच करतात. म्हणून तर त्यातून सुटता येत नाही.

वैजयंता

•

१ ऑगस्ट २००७, बुधवार

अहो,

छोटंसंच लिहिते. त्या दिवशी आई मंडपात मागे बसल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. घरी आले तर त्यांनी झोळीतून नारळ काढून घेतला, उंबऱ्यावर फोडला आणि सगळ्यात मोठी खोबऱ्याची कवड माझ्या हातात ठेवली. मग बराच वेळ माझ्या टाचेला तेल लावत बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या पायाला हात लावलेला नाही.

आम्ही दोघी बोललो. काय बोललो ते आमचं आमच्याकडे.

मी पेणला जात नाही, असं समजा. तुम्हाला हवं होतं तसंच झालं. रविवारी भांग आहे, पाण्याला जोर नसतो, तेव्हा ओहोटीच्या वेळात गॅरेजवर येऊन जाईन. आईंनी बोंबलाची चटणी केलीय, तेवढा डबा देते आणि लगेच निघते. भांडायला येत नाही. या वेळी तेवढं ट्रकखालून बाहेर या.

वैजयंता

•

१२ ऑगस्ट २००७, रविवार
पेण

अहो,

पेण वाचून आता तुम्ही दचकणार नाही. माझं ठिकाण तुम्हाला आईंकडून कळलंच असेल, कारण तुम्ही आणि आई आता एकाच घरात राहता.

गॅरेजवर काय झालं ते तुमच्या बाजूने तुम्हाला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगायचं राहिलं, कारण मी थांबले नाही.

डब्याची थाप होती. चटणी खरोखर होती, पिशवीत, ती मी तिथेच टायरवर ठेवली. पण मी आले ते थोरली फळी घेऊन. रिक्षावाला नाही म्हणत होता, "भाभी, ये लकडी अंदर नहीं आएगी." आडवी धरून बसले, दोन्ही टोकं बाहेर. हायवेवर एक कंटेनर एवढा जवळून गेला की फळीचं टोक जातंय असं वाटलं. गॅरेजमध्ये शिरले तर परत तुमचे पाय. मी हाक मारली नाही. आईंनी सांगितलं होतं, हाक मारू नको. फळीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. भरती लागली की तुमचे वडील तशीच वाजवून तुम्हाला उठवायचे ना? पाय हलले. तुम्ही बाहेर आलात, तोंडाला ग्रीस, हातात पाना.

आमचं आमच्याकडे म्हटलं होतं ते आता सांगते. त्या दिवशी तेल लावता लावता आई म्हणाल्या, "गावान कोनी हात पुढं करनार न्हाय गो. हात शिकलेला एकच हाय." मग त्यांनी तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही पाचेक वर्षांचे असाल, वडिलांच्या हातातून फळी निसटली आणि तुम्ही ती जमिनीला लागू नये म्हणून खाली पाय घातलात. अंगठ्याचं नख गेलं, तुम्ही रडत होतात आणि म्हणत होतात, "टेकली न्हाय, बाबा, टेकली न्हाय." आई ते सांगताना हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. म्हणाल्या, "त्याला गुंतवलं आमी. तो पलाला. मंग तुला गुंतवलं. आता पुरं." मी म्हटलं, आई, फळी घरातून जायची नाही ना? त्या म्हणाल्या, "मंग? घरातलाच हाय की तो."

म्हणून मी तुमच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "एवढी भरती बघा, मी येते." आणि हात काढून घेतले.

तुम्ही पाना टाकलात. विचार करायलाही वेळ घेतला नाहीत. दोन्ही हात पुढे आले आणि फळी जमिनीपासून वीतभर वर तुमच्या हातांवर होती. तुमच्या तोंडावर काय होतं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी फळी पकडल्याचं समाधान, आणि मग कळलं.

तुमचा तो सोबती विचारत होता, "ईश्वरभाई, क्या है ये? नीचे रख दो ना." मी रिक्षात बसले. मागच्या प्लॅस्टिकमधून बघितलं, तर तुम्ही तिथेच उभे, दोन ट्रकच्या मध्ये, फळी आडवी धरून. मला रडू आलं. स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी आलं. हे लिहिताना मला माझाच राग येतोय, पण खरं आहे ते.

पुढे जे केलं ते जास्त कठीण होतं. मी बांधावर परत गेले नाही. नाक्यावरून ठाण्याची बस पकडली आणि तिथून पेणची. संध्याकाळची भरती माझ्याशिवाय लागणार होती. तुम्ही आला नसता तर? हायवेच्या कडेला फळी टाकून परत ट्रकखाली गेला असता तर? राघोकाकांच्या भातात खाडी शिरली असती आणि मी एसटीच्या खिडकीत बसले असते. भांग होता, तरीही. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं. नाही उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या हंसावहिनींकडे फोन लावला, त्यांनी आईंना बोलावलं. आई एवढंच म्हणाल्या, "आयलाय. रिक्षान फली मांडीवर घेऊन आयला. बोलत न्हाय. जेवला." मी फोन ठेवला आणि पेणच्या एका पीसीओच्या दुकानात, परक्या लोकांसमोर, ओक्साबोक्शी रडले. दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत.

इथे मी रोज ठरल्या वेळेला जेवते. पाऊण तास पुढे नाही, मागे नाही. पहिले दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. अजून मधेच जाग येते, अंग म्हणतं ऊठ, पाणी चढलं. मग आठवतं की ते पाणी आता तुमचं आहे, आणि मी कूस बदलते.

शेतकऱ्यांना प्रश्न विचारत फिरते. इथल्या उघाड्यांवरही एकेक वैजयंता आहे, कुठे एखादा ईश्वरही. शेवटचा प्रश्न मी घरात सगळे असताना विचारत नाही. बांधावर एकट्याला गाठते. मला विचारलं तेव्हा आई ऐकत होत्या आणि मी म्हणाले होते, "सांगता येत नाही." ते खोटं होतं. उत्तर होतं, नाही.

आता तुम्ही विचाराल, मी येणार की नाही. मी येते म्हटलं होतं, संध्याकाळपर्यंत म्हटलं नव्हतं. सहा महिन्यांनी येईन. तेव्हा तुम्ही फळी पुढे कराल आणि मी हात पुढे करीन का? ते मात्र खरोखर सांगता येत नाही. एक करू शकता. गुणवंतभावजी पुढच्या वेळी शाल घेऊन आले, की नारळ घेऊ नका. शाल घालून भावजींचे हात मोकळे झाले की फळीवर टकटक करा आणि हात काढून बघा. पाड्यातलीच माणसं आहेत, कुणाच्या तरी अंगात फळी झेलणं असेल.

आज अवस. गाव गटारीला बसलं असेल आणि तुमच्या पुढ्यात पहिलं मोठं उधाण असेल. उघाडीच्या दगडावर डाव्या बाजूला कालवं आहेत, अनवाणी उतरू नका. गमबूट दाराच्या मागे आहेत. आई म्हणाल्या, तुम्हाला बरोब्बर बसले.

वैजयंता